धागा: वेबपानावरील चित्रांची मापे नेमकी कुठून ठरवावीत?

काजळरेघ

नमस्कार. पक्ष्यांच्या पिसांची ओळख करून देणारे एक छोटे संकेतस्थळ मी हौसेने चालवते. नव्या मांडणीचा आराखडा एका स्नेह्यांनी १४४० पिक्सेल रुंदी धरून करून दिला. त्यात सर्वांत वर पानाच्या पूर्ण रुंदीचे छायाचित्र आहे, त्याखाली तीन रकान्यांत कार्डे असून प्रत्येक कार्डावर एका पिसाचे शाईचे रेखाटन आहे, आणि शेवटी पिसाचे भाग नावांसह दाखवणारी एक मोठी आकृती आहे. आराखडा दिसायला सुरेख होता, परंतु त्यात माझी चित्रे भरल्यावर पुढील अडचणी उभ्या राहिल्या.

पान जड झाले आहे आणि वाचायला सुरुवात करावी तोच मजकूर खाली सरकतो. कार्डांवरील रेखाटने संगणकावर बरी दिसतात, पण मोबाइलवर पुसट होतात. आकृतीतील नावे मोबाइलवर वाचताच येत नाहीत. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे, वरच्या छायाचित्राचे रंग माझ्या संपादनाच्या खिडकीत टवटवीत असतात आणि पानावर गेल्यावर विटके होतात. मी सर्व चित्रे ३०० डीपीआय ठेवून जेपेग स्वरूपात साठवली आहेत. छायाचित्र कॅमेऱ्यातून आलेल्या ६००० × ४००० पिक्सेल मापाचेच आहे, कारण मोठे चित्र कुठेही चालेल असे मला वाटले होते. चूक कुठे झाली असावी?

उभाआडवा

आधी डीपीआयचा प्रश्न बाजूला करू, कारण त्यात आपला वेळ विनाकारण जातो. डीपीआय (दर इंचाला किती ठिपके) ही फाइलमध्ये लिहून ठेवलेली, छापखान्यासाठीची एक सूचना आहे. ब्राउझर साधारणपणे पिक्सेल मोजतो. १२०० पिक्सेल रुंदीच्या चित्रावर ७२ लिहा किंवा ३०० लिहा, पानावर ते तितकीच जागा घेईल आणि त्याचे वजनही तेवढेच राहील.

खरी चूक अशी की, आपण चित्रापासून सुरुवात केली. सुरुवात मांडणीतील जागेपासून करायला हवी. चित्र ज्या चौकटीत बसणार आहे ती चौकट पडद्याच्या प्रत्येक रुंदीला किती पिक्सेलची होते, हे कागदावर मांडल्याशिवाय एकही फाइल निर्यात करू नये. आपल्याला मिळालेला आराखडा १४४० पिक्सेलच्या एकाच पडद्याचा आहे, म्हणजे तो अनेक शक्यतांपैकी एक क्षण आहे.

आपली कार्डे घ्या. मधला भाग ११०० पिक्सेल रुंद आणि दोन रकान्यांमध्ये २० पिक्सेलची फट धरली, तर संगणकावर एका कार्डाला साधारण ३५३ पिक्सेल मिळतात. आता मोबाइल पाहा. पडदा ३९० पिक्सेलचा, दोन्ही बाजूंना १५ पिक्सेलचा समास आणि एकच रकाना, म्हणजे कार्ड ३६० पिक्सेलचे झाले; संगणकावरच्या कार्डापेक्षा थोडे मोठेच. त्यातही हे पिक्सेल सीएसएसचे, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेचे आहेत. आजच्या अनेक मोबाइलमध्ये सीएसएसच्या एका पिक्सेलच्या जागी आडवे तीन आणि उभे तीन असे पडद्याचे नऊ ठिपके असतात, त्यामुळे ३६० पिक्सेलच्या चौकटीत १०८० ठिपक्यांची रुंदी असते. साध्या संगणकाच्या पडद्याला ३५३ ठिपके पुरतात आणि हातातल्या लहान पडद्याला १०८० लागतात. आपण कार्डांसाठी ३५३ च्या आसपासची फाइल दिली असणार, म्हणून ती मोबाइलवर ताणली जाऊन पुसट होते.

याहून फसवी जागा मध्ये कुठेतरी असते. आपली मांडणी ७०० पिक्सेलच्या खाली एका रकान्यात जात असेल, तर ७०० च्या किंचित आधी तेच कार्ड ६७० पिक्सेल रुंद होते. म्हणजे कार्डाचे सर्वांत मोठे रूप ना मोबाइलवर असते ना संगणकावर. ते ब्रेकपॉइंटच्या, म्हणजे मांडणी बदलते त्या रुंदीच्या, उंबरठ्यावर असते. आराखडा काढणारे तिथे सहसा पाहत नाहीत.

दौतटाक

उभाआडवा यांच्याशी सहमत आहे, फक्त १०८० चा आकडा सर्वच चित्रांना लावू नये असे सुचवतो. छायाचित्राला दुप्पट घनता, म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलला आडवे दोन आणि उभे दोन ठिपके, पुरते. तिप्पट घनतेच्या पडद्यावर दुप्पट घनतेचे छायाचित्र हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला वेगळे ओळखू येत नाही, आणि वजन मात्र बरेच वाचते. बारीक रेघांच्या चित्राचे तसे नाही. तिथे डोळा लगेच चूक पकडतो.

आणि रेखाटने जेपेगमध्ये का ठेवली आहेत? जेपेग हे १९९२ चे मानक छायाचित्रांतील सावकाश बदलणाऱ्या छटा डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातील सूक्ष्म चढउतार आधी टाकून देते. शाईची रेघ म्हणजे निव्वळ सूक्ष्म चढउतार. त्यामुळे रेघेच्या आजूबाजूच्या कोऱ्या कागदावर धुळीसारखे करडे ठिपके उमटतात. रंगांची माहिती तर बहुतेक वेळा आडवी आणि उभी निम्म्यानेच साठवली जाते, म्हणून पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ जेपेगमध्ये मळकट होते. वेबपी या दुसऱ्या चित्रस्वरूपाच्या हानिकारक (बारकावे टाकून देणाऱ्या) प्रकारात ही रंगकपात ठरलेलीच असते. रेखाटनांसाठी वेबपी घ्यायचे असेल तर त्याचा हानिरहित प्रकार निवडावा.

पडद्यामागे

मग सरळ एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांचे वर्णन साठवणारे स्वरूप, वापरावे. कितीही ताणले तरी पुसट होत नाही, फाइल एकच लागते आणि घनतेचा हिशेबही करावा लागत नाही. २००१ पासून मानक असलेल्या स्वरूपाला सोडून आपण पिक्सेल का मोजत बसतो, हेच मला समजत नाही.

दौतटाक

चिन्ह, बोधचिन्ह, आलेख, मोजक्या रेघांची आकृती यांसाठी आपले म्हणणे पूर्ण मान्य. परंतु हाताने काढून स्कॅन केलेल्या पिसाला एसव्हीजीत आणायचे म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्याच्या कडा गिरवून घ्याव्या लागतात. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी शेकडो तंतू असतात, आणि शाईच्या प्रत्येक थरथरीवर गिरवणारे सॉफ्टवेअर बिंदू ठेवत जाते. असे हजारो बिंदू झाले की फाइल पीएनजीपेक्षा (काही न गमावता पिक्सेल साठवणाऱ्या स्वरूपापेक्षा) जड होते, ती रंगवताना मोबाइल अडखळतो, आणि हाताच्या रेघेतला जाड-बारीकपणा गुळगुळीत होऊन जातो तो वेगळाच.

काजळरेघ यांच्या रेखाटनांना माझ्या मते १६ करड्या छटांचे पीएनजी योग्य ठरेल. त्यात प्रत्येक पिक्सेलला ४ बिट लागतात आणि शाईच्या चित्राला त्याहून अधिक छटांची गरज क्वचितच पडते. मात्र क्रम चुकवू नये. आधी माप लहान करावे, मग हलकी धार द्यावी आणि छटा सर्वांत शेवटी कमी कराव्यात. छटा आधी कमी करून नंतर माप बदलले, तर लहान करताना मधल्या छटा पुन्हा जन्माला येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

आणखी एक गोष्ट पिसांच्या बाबतीत खास आहे. एकमेकींना खेटून असलेल्या समांतर रेघा लहान केल्या की त्यांच्यातून नसलेल्या लाटा दिसू लागतात. मोठी फाइल देऊन ब्राउझरकडून ती लहान करून घेतली, तर या लाटांवर आपले काही नियंत्रण राहत नाही. कार्डासाठी शक्य असेल तर तंतू कमी करून वेगळे रेखाटन काढावे. नकाशा काढणारे लहान नकाशात प्रत्येक ओढा दाखवत नाहीत, तसेच हे आहे.

काजळरेघ

वेगळे रेखाटन काढण्याचा विचार मनात आलाच नव्हता, परंतु तो पटला. मी १०८० रुंदीची फाइल सर्वांनाच दिली तर चालेल का? की प्रत्येक पडद्यासाठी निराळ्या फाइली कराव्यात?

उभाआडवा

दोन-तीन मापांच्या फाइली कराव्यात आणि निवड ब्राउझरवर सोपवावी. त्यासाठी चित्राच्या टॅगमधील (पानाच्या कोडमध्ये चित्र लावणाऱ्या खुणेतील) एसआरसीसेट या गुणधर्मात प्रत्येक फाइल आणि तिची खरी रुंदी लिहायची, आणि साइझेस या गुणधर्मात चौकट कोणत्या पडद्यावर किती रुंद असेल ते सांगायचे. बरेच जण पहिला गुणधर्म लिहितात आणि दुसरा विसरतात. तसे झाल्यास ब्राउझर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचे आहे असे गृहीत धरतो, कारण त्या क्षणी सीएसएस वाचून झालेले असेलच असे नाही. मग ३५३ पिक्सेलच्या कार्डासाठी तो सर्वांत मोठी फाइल उचलतो, आणि ‘सर्व नीट लिहूनही पान जडच’ अशी तक्रार आपल्याकडे येते. आपल्या कार्डांसाठी ३६०, ७२० आणि १०८० या तीन रुंदी पुरेशा आहेत.

मजकूर सरकण्याचे कारणही याच टॅगमध्ये आहे. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिलेली नसेल, तर फाइल येऊ लागेपर्यंत ब्राउझर त्याला शून्य उंची देतो आणि फाइल आली की खालचे सगळे ढकलतो. दोन्ही आकडे लिहिले आणि सीएसएसमध्ये उंची ‘ऑटो’ ठेवली, तर आजचे ब्राउझर त्या आकड्यांवरून गुणोत्तर काढून जागा आधीच राखून ठेवतात. आकडे प्रत्यक्ष दिसणाऱ्या मापाचेच असावेत असे नाही. गुणोत्तर बरोबर असले की पुरे. जुन्या काळी हे आकडे सगळे लिहीत असत, मग लवचीक मांडणी आली तेव्हा ते काढून टाकायची पद्धत पडली, आणि आता ते पुन्हा लिहावे लागत आहेत.

जुनाटाक्या

जुन्या काळाचा उल्लेख झाला म्हणून थोडे बोलतो. चित्राच्या टॅगचा प्रस्ताव मार्क अँड्रीसन यांनी १९९३ मध्ये मांडला, आणि पुढची काही वर्षे आम्ही मांडणी चित्रांनीच करत होतो. पूर्ण पानाचे एक चित्र करायचे, त्याचे तुकडे कापायचे, ते तक्त्याच्या घरांत बसवायचे आणि राहिलेल्या फटी एका पिक्सेलच्या पारदर्शक जिफने भरायच्या. रंग २१६ च्या ‘सुरक्षित’ यादीतूनच निवडायचे. त्या तुकड्यांच्या सवयीतून एक चांगली गोष्ट मात्र अंगी लागली होती: प्रत्येक घराचे माप तोंडपाठ असायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कॅमेऱ्याची फाइल तशीच देण्यातला तोटा केवळ वजनाचा नाही. जेपेग कितीही आवळले तरी दाखवताना ते उलगडावे लागते आणि उलगडल्यावर साधारणपणे प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट स्मृती लागते. ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, आणि त्याचे ९ कोटी ६० लाख बाइट. एका छायाचित्रासाठी मोबाइलला एवढे ओझे दिल्यावर पान अडखळले तर नवल नाही.

वरच्या छायाचित्राबाबत दुसरी शंका आहे. आराखड्यात ते १४४० × ४८० असेल, तर मोबाइलवर त्याच गुणोत्तराने ते ३९० × १३० होईल. म्हणजे पक्षी असून नसल्यासारखा. तिथे चित्र लहान करून उपयोग नाही, त्याची चौकट नव्याने कापावी लागेल. पिक्चर टॅग वापरून मोबाइलसाठी उभी कापणी द्यावी, आणि ती हाताने, पक्ष्याच्या डोळ्याकडे पाहून करावी. आणि ते छायाचित्र सीएसएसमधील पार्श्वभूमी म्हणून लावले असेल तर ते टॅगमध्ये आणावे. पार्श्वभूमीचे चित्र ब्राउझरला उशिरा सापडते, आणि त्याला पर्यायी मजकूरही देता येत नाही.

पडद्यामागे

त्यात एक भर. खालच्या कार्डांना ‘गरज पडेल तेव्हा आणा’ ही आळशी पद्धत जरूर लावा, पण ती वरच्या छायाचित्राला लावू नका. ते तर पान उघडताच दिसणार आहे. त्याला आळशी ठेवले की ब्राउझर मांडणी ठरेपर्यंत थांबून राहतो. उत्साहाच्या भरात मी स्वतः हे केले आहे आणि पान मंद का झाले ते दोन दिवस शोधत बसलो आहे.

काजळरेघ

माझे छायाचित्र पार्श्वभूमी म्हणूनच लावलेले होते. आज ते बदलले. माप २४०० पर्यंत कमी केले आणि मोबाइलसाठी उभी कापणी केली. पान लक्षणीय हलके झाले. मात्र रंग अजूनही विटकेच आहेत.

दौतटाक

आपला कॅमेरा किंवा संपादनाचे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबी आरजीबी या रंगावकाशात (रंग आकड्यांत लिहिण्याच्या एका पद्धतीत) काम करते का? आणि निर्यात करताना ‘अतिरिक्त माहिती काढून टाका’ असा पर्याय निवडला आहे का?

काजळरेघ

दोन्हींचे उत्तर होय. छायाचित्र घरट्याजवळ घेतलेले आहे. फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश राहतात असे कळल्यापासून मी सगळी माहिती पुसूनच टाकते, म्हणजे घरट्याचा पत्ता कोणाच्या हाती लागणार नाही.

दौतटाक

उलगडा झाला. अक्षांश-रेखांश पुसण्याचा आपला निर्णय योग्यच आहे, परंतु त्यांच्याबरोबर रंगांचे प्रोफाइलही, म्हणजे आकडे कोणत्या रंगावकाशाचे ते सांगणारी नोंदही, पुसले गेले. चित्रातील आकडे अ‍ॅडोबी आरजीबीचे होते. प्रोफाइल नसल्यामुळे ब्राउझरने ते एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या रूढ रंगावकाशाचे, समजून वाचले. अ‍ॅडोबी आरजीबीचा आवाका मोठा असल्यामुळे तोच हिरवा रंग तिथे लहान आकड्याने लिहिला जातो, आणि तो लहान आकडा एसआरजीबीत वाचला की रंग फिका पडतो. आधी एसआरजीबीत रूपांतर करावे आणि मग माहिती पुसावी. रूपांतर करणे आणि केवळ प्रोफाइलचे नाव बदलणे यांत फरक आहे; दुसऱ्या पर्यायाने आकडे तसेच राहतात आणि रंग बिघडलेलेच दिसतात.

हे सर्व मूळ फाइलवरूनच करावे. एकदा जेपेग झालेल्या चित्रापासून दुसरे जेपेग किंवा एव्हिफ (एक नवे चित्रस्वरूप) केले, तर पहिल्या वेळचे दोषही इमाने इतबारे जपले जातात. तसेच जेपेगमधील ८० आणि एव्हिफमधील ८० या गुणवत्तेच्या आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. प्रत्येक स्वरूपाची मोजपट्टी निराळी असते. एव्हिफ फार आवळले की पिसांचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो, म्हणून आपल्या विषयाला ते जपून वापरावे आणि निर्णय डोळ्यांनी घ्यावा.

मात्रावेलांटी

आकृतीतील नावांबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहीत आहे. ११०० पिक्सेलच्या आकृतीत १६ पिक्सेल उंचीची अक्षरे असतील, तर तीच आकृती ३६० पिक्सेलमध्ये आल्यावर अक्षरे साधारण ५ पिक्सेलची होतात. लॅटिन अक्षरेही तेवढ्यात वाचता येत नाहीत, मग देवनागरीचे काय होणार? शिरोरेघ दोन पिक्सेलांच्या मध्ये अडकून करडी होते, अनुस्वार तिला चिकटतो आणि ‘पिस’ लिहिले आहे की ‘पिंस’ हे कळत नाही.

नावे चित्रातून बाहेर काढून एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या साध्या मजकुरात, लिहावीत, हा खरा उपाय आहे. आकृतीत केवळ १, २, ३ असे ठळक आकडे ठेवावेत आणि शेजारी किंवा खाली ‘दांडा’, ‘तंतू’ अशी यादी द्यावी. मग ती नावे शोधयंत्राला सापडतात, वाचकाला मोठी करता येतात आणि पडदावाचक ती वाचून दाखवतो. सुगम्यतेच्या वेब मार्गदर्शक तत्त्वांतही शक्य तिथे मजकूर चित्रात न ठेवण्याची अपेक्षा आहे, आणि साध्या मजकुरासाठी रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे असे म्हटले आहे. कागदाच्या पिवळसर छटेवरची करडी अक्षरे त्यात बसतीलच असे नाही.

नावे आकृतीतच हवी असा आग्रह असेल आणि आकृती एसव्हीजी असेल, तर दोन खाचखळगे लक्षात ठेवावेत. चित्राच्या टॅगमधून लावलेली एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट आणू शकत नाही, त्यामुळे वाचकाच्या यंत्रावरचा कोणताही फॉन्ट येऊन बसतो आणि शब्द रेघांवर चढतात. म्हणून लोक अक्षरांचे आकारांत रूपांतर करतात. परंतु जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते करताना जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. कापणी करताना वरचा रफार आणि खालचा उकार यांच्यासाठी जागा सोडावी, हेही सांगून ठेवते, कारण अर्धा कापलेला ‘र्कू’ मी स्वतः प्रकाशित केलेला आहे.

काजळरेघ

सर्वांचे आभार. रंग परत आले. नावे यादीत घेतली आणि आकृतीसाठी आकड्यांची नवी एसव्हीजी केली. कार्डांसाठी निम्मे तंतू असलेली रेखाटने काढायला घेतली आहेत. आतापर्यंत सहा झाली. एक नवी गोष्ट लक्षात आली: मी रेखाटनांचा कागद पारदर्शक केला होता, आणि काळोख्या रूपात पान पाहिले तर काळी शाई काळ्या पार्श्वभूमीत अदृश्य होते.

जुनाटाक्या

मग कागद परत आणावा. रेखाटनाला स्वतःचा कागद असण्यात काही गैर नाही. केवळ एकरंगी चिन्हांना पारदर्शक ठेवावे, ती पानातच एसव्हीजी म्हणून लिहावीत आणि त्यांचा रंग आजूबाजूच्या अक्षरांकडून घ्यावा, म्हणजे रूप बदलले की तीही बदलतील. पारदर्शक ठेवायचेच असेल तर कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलांत जुन्या पांढऱ्या कागदाचा अंश राहिलेला नाही ना, ते गडद पार्श्वभूमीवर ठेवून पाहावे. नाहीतर प्रत्येक तंतूला पांढरी किनार येते.

कार्डाच्या चौकटीत ‘कव्हर’ असे लिहिलेले आहे का, तेही तपासा. पिसे लांबट असतात. चौकोनी चौकट पूर्ण भरण्याच्या नादात ब्राउझर टोक आणि बुंधा दोन्ही कापतो, आणि ओळख पटवायला नेमकी टोकेच लागतात. तिथे ‘कंटेन’ (पूर्ण चित्र चौकटीत मावेल असे) लिहावे आणि बाजूची जागा मोकळी राहू द्यावी.

मात्रावेलांटी

आपल्या पानावर आत्ता जाऊन आले. प्रत्येक रेखाटनाखाली ‘प्रमाण १:२’ असे लिहिले आहे. छापील पानावर ते खरे होते. वेबवर तेच पीस एकीकडे ३५३ पिक्सेलचे, दुसरीकडे ६७० चे आणि मोबाइलवर ३६० चे होते, शिवाय पिक्सेलचे प्रत्यक्ष माप प्रत्येक यंत्रावर निराळे असते. ते प्रमाण आता कुठेच खरे नाही. त्याऐवजी रेखाटनातच पिसाशेजारी २ सेंटीमीटरची पट्टी काढावी; चित्र लहान-मोठे झाले तरी पट्टीही त्याच्याबरोबर बदलेल.

काजळरेघ

हे खरोखरच लक्षात आले नव्हते. सहा रेखाटने झाली आहेत असे वर लिहिले, ती आता पट्टीसाठी पुन्हा उघडते. पट्टीची जाडी कार्डाच्या सर्वांत लहान मापाला निदान एक पूर्ण पिक्सेल भरेल अशी ठेवते.